रायझोबियम : एकवचन की अनेकवचन?

नत्रचक्राची आकृती फळ्यावर कधी काढली नाही असा विज्ञानशिक्षक सापडणे कठीण. वर ढग आणि विजेची नागमोडी रेघ, एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला एक रोप, रोपाच्या मुळांवर चार-पाच ठिपके आणि ठिपक्यांपाशी टेकलेल्या बाणावर एकच शब्द : 'रायझोबियम'. आकृतीच्या खाली एक वाक्य येते. पुस्तकागणिक शब्द थोडेफार बदलतात, पण आशय साधारण असा असतो : द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींमध्ये रायझोबियम हे जिवाणू राहतात व ते हवेतील नत्रवायूचे स्थिरीकरण करतात. हे वाक्य आम्हीही वर्षानुवर्षे मुलांना उतरवून घ्यायला सांगितले आहे आणि परीक्षेत ते जसेच्या तसे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले आहेत.

या लेखात त्या वाक्याचा समाचार घ्यायचा आहे. कोणा एका पुस्तकावर किंवा लेखकावर रोख नाही, कारण हे वाक्य कोणा एकाचे नाही. ते सरळसरळ खोटे आहे असेही आम्ही म्हणत नाही. पण ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर थांबलेले वाक्य आहे, आणि ज्या मुलाने फक्त ते वाक्य ऐकले आहे त्याला शेतात गेल्यावर जे दिसते ते चुकीचे वाटू लागते. आमच्या दृष्टीने तक्रारीचा खरा मुद्दा हा आहे.

याचा अनुभव आम्हाला आमच्याच चुकीतून आला. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने 'मुळांवरील गाठी' हा प्रकल्प घेतला होता. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला माजणारा टाकळा, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात, त्याने उपटून आणला. त्याला शेंगा येतात, तेव्हा गाठी असणारच, असा त्याचा हिशेब होता. मुळांवर एकही गाठ नव्हती. 'उपटताना तुटल्या असतील, नीट खणून आण,' असे आम्ही सांगितले. त्याने आणखी तीन रोपे मातीच्या ढेकळासकट आणली, बादलीत भिजवून मुळे मोकळी केली, आणि वहीत लिहिले, 'गाठी दिसल्या नाहीत.' आम्ही 'निरीक्षण अपुरे' असा शेरा मारला. पुढे कळले की टाकळ्याच्या मुळांवर गाठी येतच नाहीत. त्याचे निरीक्षण पुरेसे होते. अपुरे होते ते आम्ही शिकवलेले वाक्य.

तेव्हा वाक्यातला पहिलाच शब्द घेऊ. 'द्विदल' हा घोटाळा खास मराठीतला आहे. शेतीच्या भाषेत द्विदल म्हणजे तूर, मूग, हरभरा, ज्याची डाळ होते ते धान्य. वनस्पतिशास्त्राच्या भाषेत द्विदल म्हणजे ज्याच्या बीजात दोन दले असतात ती वनस्पती. या दुसऱ्या अर्थाने आंबा, कापूस, वड, सूर्यफूल, वांगे ही सगळीच द्विदल आहेत. एका धड्यात आपण एक अर्थ शिकवतो आणि दुसऱ्या धड्यात दुसरा अर्थ गृहीत धरतो. एखादा विद्यार्थी वांग्याच्या मुळांवर गाठी शोधू लागला तर दोष त्याचा नाही. (आणि गंमत अशी की त्याला त्या सापडतीलही! वांग्याच्या मुळांवर सूत्रकृमींमुळे गाठी येतात. त्या रोगाच्या गाठी. नत्राशी त्यांचा काही संबंध नाही.)

'द्विदल'ऐवजी 'शेंगवर्गीय' म्हटले की बरेचसे काम होते, सगळे होत नाही. या कुळात सुमारे वीस हजार जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य जातींना गाठी येतात, पण बहावा, चिंच, आपटा, गुलमोहर आणि आमचा तो टाकळा यांना येत नाहीत. बाभूळ, शिरीष, करंज, पांगारा यांना येतात. उलट बाजूने पाहिले तर शेंगेशी काही नाते नसलेल्या झाडांनाही गाठी येतात. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू अडवायला लावलेली सुरूची झाडे हे त्याचे जवळचे उदाहरण. त्यांच्या गाठींत फ्रँकिया नावाचा तंतुमय जिवाणू असतो. रायझोबियमशी त्याचे कसलेही जवळचे नाते नाही. तो गाठीतून वेगळा काढून प्रयोगशाळेत वाढवणे १९७८ साली प्रथम जमले.

आणखी एक अपवाद विलक्षण आहे. १९७३ साली ट्रिनिक या शास्त्रज्ञांनी न्यू गिनीतल्या एका झाडाच्या गाठींत चक्क रायझोबियमच्या जातकुळीतले जिवाणू आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि ते झाड शेंगवर्गीय नव्हते. झाडाची ओळखही प्रथम चुकली होती. ट्रेमा म्हणून छापलेले ते झाड पुढे पॅरास्पोनिया ठरले. शेंगवर्गाबाहेर रायझोबियम-गटाच्या जिवाणूंशी असा संसार थाटणारी ही एकच प्रजाती आजवर माहीत आहे. (प्रजाती हा शब्द आम्ही अनेक जातींचे मिळून होणारे घराणे या अर्थी वापरतो आहोत.)

'मुळांवरील' या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. हिरवळीच्या खतासाठी आपण धैंचा पेरतो. त्याची आफ्रिकेतली बहीण सेस्बानिया रोस्ट्राटा पाणथळ जागी वाढते आणि तिच्या खोडावर ओळीने गाठी येतात. त्यातले जिवाणू सेनेगलमध्ये अभ्यासले गेले आणि १९८८ साली त्यांना अॅझोरायझोबियम असे स्वतंत्र नाव मिळाले. खोडावरच्या गाठी हा दुर्मिळ प्रकार आहे, वर्गात एका वाक्यात सांगितला तरी पुरे.

आता मुख्य शब्दाकडे वळू : रायझोबियम.

हे नाव कसे पडले ते पाहिले की वाक्य कुठे थांबले ते कळते. १८८६ साली हेलरीगेल यांनी बर्लिनच्या एका परिषदेत आपल्या व सहकारी विल्फार्थ यांच्या प्रयोगांची माहिती दिली. निर्जंतुक वाळूत लावलेल्या वाटाण्याला नत्राचे खत दिले नाही तर तो खुरटतो, पण शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले की त्याच्या मुळांवर गाठी येतात आणि तो जोमाने वाढतो. ओटचे मात्र तसे होत नाही. १८८८ साली हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. पुढच्याच वर्षी फ्रँक यांनी त्याला रायझोबियम, म्हणजे 'मुळात जगणारा', असे नाव दिले. आपल्या फळ्यावरचे वाक्य इथवर येते आणि थांबते.

विज्ञान मात्र थांबले नाही. दशक संपायच्या आत नॉब व हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञांना दिसले की एका झाडाच्या गाठीतले जिवाणू दुसऱ्या झाडाला चालतातच असे नाही. १८९६च्या सुमारास 'नायट्रॅजिन' या नावाने जिवाणू-संवर्धक बाजारात आले तेव्हा वेगवेगळ्या पिकांसाठी वेगवेगळी बाटली होती. म्हणजे 'गाठीतला जिवाणू एकच नाही' ही बातमी आता सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे. आजही कृषी सेवा केंद्रात जाऊन 'रायझोबियमचे पाकीट द्या' म्हटले तर दुकानदार आधी विचारतो, 'कोणत्या पिकासाठी?' पाकिटावर पिकाचे नाव छापलेले असते. गुळाच्या पाण्यात संवर्धक कालवून, बियाण्याला चोळून, सावलीत सुकवून पेरणारा शेतकरी जी गोष्ट गृहीत धरतो ती त्याच्या मुलाच्या विज्ञानाच्या वहीत नसते, हे आम्हाला खटकते.

पण गटांची गोष्टही वाटते तितकी सोपी निघाली नाही. १९३२ साली फ्रेड, बाल्डविन आणि मॅकॉय या अमेरिकन शास्त्रज्ञांनी या विषयावरचा मोठा ग्रंथ लिहिला. ज्या वनस्पती एकमेकींचे जिवाणू स्वीकारतात त्यांचे गट त्यात दिले होते : वाटाण्याचा गट, लसूणघासाचा गट, बरसीम-क्लोव्हरचा गट, सोयाबीनचा गट, चवळीचा गट वगैरे. प्रत्येक गटाला रायझोबियमची एक जात नेमून दिली की यादी पूर्ण. पण जिवाणूंनी ही यादी वाचलेली नव्हती. १९४४ साली विल्सन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचे शीर्षकच असे होते की हे गट सोडून देण्यासाठी आपल्याजवळ पाचशेहून अधिक कारणे आहेत. त्यांतले प्रत्येक कारण म्हणजे गटाची कुंपणे ओलांडून जमलेली एक जोडी. तरीही शेतकऱ्याला सल्ला देण्यापुरते ते गट उपयोगी होते, म्हणून टिकले.

मग नावांची उलथापालथ सुरू झाली. प्रयोगशाळेतल्या खाद्यावर काही जिवाणूंचे ठिपके तीन-चार दिवसांत दिसतात, तर काहींना आठवडा किंवा त्याहून जास्त लागतो. सोयाबीन, चवळी, मूग, भुईमूग यांच्या गाठींतले जिवाणू बहुधा या मंदगती प्रकारचे. १९८२ साली जॉर्डन यांनी या मंदगतींना रायझोबियममधून बाहेर काढून ब्रॅडीरायझोबियम अशी स्वतंत्र प्रजाती केली. ती फक्त सुरुवात होती. मेथी आणि लसूणघासाचा जिवाणू सायनोरायझोबियममध्ये गेला (आता त्याला एन्सिफर असेही म्हणतात), हरभऱ्याचा मेझोरायझोबियममध्ये. वाटाणा आणि मसूर यांचे जिवाणू जुन्या रायझोबियम नावाखाली उरले. आज गाठी करणाऱ्या जिवाणूंच्या डझनाहून अधिक प्रजाती मानल्या जातात.

आपल्याकडच्या एका शेताचा विचार करा. खरिपात मूग, रब्बीत हरभरा, बांधावर मेथीचा वाफा. फळ्यावरच्या वाक्याप्रमाणे तिन्हीकडे 'रायझोबियम'. प्रत्यक्षात तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या प्रजाती असण्याचीच शक्यता अधिक, आणि आज त्यांतल्या एकीचेही नाव रायझोबियम नसेल!

नावांचा हा पसारा मुलांच्या डोक्यावर लादावा असे आम्ही सुचवत नाही. नावे बदलतील, उद्या आणखी फुटतील. पण २००१ साली जे कळले ते केवळ नाव बदलण्यासारखे नव्हते. तोवरचे हे सगळे जिवाणू निदान एका मोठ्या वर्गातले, अल्फा-प्रोटिओबॅक्टेरियातले, होते. त्या वर्षी दोन स्वतंत्र गटांनी दाखवले की बीटा-प्रोटिओबॅक्टेरिया या दुसऱ्याच वर्गातले जिवाणूही शेंगवर्गीय झाडांवर गाठी करतात. त्यांतला एक, ज्याला आज क्युप्रियाव्हिडस तैवानेन्सिस म्हणतात, तैवानमध्ये लाजाळूच्या कुळातल्या झाडांच्या गाठींत सापडला. दुसरे होते बर्कहोल्डेरियाच्या घराण्यातले. या घराण्याची तोवरची ओळख वेगळी होती, त्यातला एक सभासद कांदा सडवतो! वर्गीकरणाच्या पायऱ्यांवर अल्फा आणि बीटा यांच्यातले अंतर पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यातल्या पायरीइतके आहे. इतक्या दूरच्या घराण्यांना एकच धंदा कसा काय जमला?

उत्तर जनुकांत आहे, आणि आमच्या मते या विषयातला सर्वांत शिकवण्याजोगा भाग हाच आहे. गाठ करणे आणि नत्र बांधणे यांसाठी लागणारी बरीचशी जनुके जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रात विखुरलेली नसतात. ती एका गठ्ठ्यात असतात. कधी हा गठ्ठा प्लाझ्मिड नावाच्या वेगळ्या कड्यावर असतो, कधी गुणसूत्रातच घुसलेल्या एका 'बेटा'वर. आणि हा गठ्ठा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. वाटाण्याचा जिवाणू आणि बरसीमचा जिवाणू हे एकाच जातीचे, पण एकमेकांच्या झाडावर निरुपयोगी. त्यांच्यातला निर्णायक फरक प्लाझ्मिडवर आहे. इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवले की प्लाझ्मिड दुसऱ्याला दिला की यजमानही बदलतो. जिवाणूच्या नावावरून त्याचे झाड ओळखावे, ही सोय इथेच संपली. नाव गुणसूत्रावरून पडते आणि झाड गठ्ठ्यावरून ठरते.

प्रयोगशाळेत घडते ते मातीत घडते का? याचे उत्तर न्यूझीलंडच्या एका कुरणाने दिले. तिथल्या मातीत लोटस या चाऱ्याच्या झाडाला गाठी करणारे जिवाणू मुळात नव्हते. बियाण्याला एक निवडक जिवाणू चोळून लोटस पेरले. सात वर्षांनी सलिव्हन, रॉन्सन आणि सहकाऱ्यांनी गाठी तपासल्या. एकच जिवाणू दिलेला होता, तेव्हा गाठींत तोच असायला हवा. पण बहुतेक गाठींत निराळेच जिवाणू निघाले, तेही परस्परांहून वेगवेगळे. ते बाहेरून आलेले नव्हते. ते त्याच मातीतले, पूर्वी गाठ करता न येणारे रहिवासी होते. दिलेल्या जिवाणूचा सुमारे पाच लाख अक्षरांचा गठ्ठा त्यांनी उचलला होता. हे निष्कर्ष १९९५ आणि १९९८ साली प्रसिद्ध झाले. सात वर्षे! उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांची गोष्ट, असे त्याच वर्गात आपण दुसऱ्या धड्यात सांगत असतो.

या गोष्टीला एक कडू शेपूट आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात भूमध्य प्रदेशातून बिसेरुला नावाचे चाऱ्याचे झाड आणले, त्याच्याबरोबर त्याचा उत्तम जिवाणूही. नंदसेना आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पाहिले तेव्हा तिथेही स्थानिक जिवाणूंनी गठ्ठा उचललेला होता. पण नव्या मालकांपैकी काही गाठी तर झटपट करीत आणि नत्र मात्र कमी बांधीत. काही अजिबात बांधीत नसत. २००६-०७ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

यावरून फळ्यावरच्या वाक्याचे शेवटचे दोन शब्द, 'स्थिरीकरण करतात', हेही तपासावे लागतात. गाठीत राहणारा प्रत्येक जिवाणू हे काम करतोच असे नाही. काम महागडे आहे. नत्रवायूच्या एका रेणूचे अमोनियात रूपांतर करायला किमान सोळा एटीपी खर्ची पडतात, आणि त्यासाठीची साखर झाड पुरवते. साखर खावी आणि काम करू नये, असा मोह होणारच (जिवाणूला मोह होत नाही हे ठाऊक आहे, बोलण्याची रीत म्हणून घ्यावे). मग झाड हे चालवून घेते का? कीर्स, डेनिसन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली यावर एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. सोयाबीनच्या काही गाठींभोवती हवेऐवजी आर्गॉन आणि ऑक्सिजन यांचे मिश्रण ठेवले, त्यात नत्रवायू जवळपास नव्हता. म्हणजे चांगल्या जिवाणूंना सक्तीने कामचुकार बनवले. त्या गाठींतल्या जिवाणूंची वाढ शेजारच्या कामसू गाठींच्या मानाने खूपच कमी झाली. झाडाने त्यांचा ऑक्सिजनचा पुरवठा आवळल्याची चिन्हे दिसली. सहजीवनाच्या धड्यात आपण जी गोडीगुलाबी रंगवतो तिच्यामागे अशी हिशेबाची वही असते.

विविधता एवढ्यावर संपत नाही. झाड आणि जिवाणू यांची ओळख रासायनिक निरोपांनी पटते. मूळ फ्लॅव्होनॉइड गटातली द्रव्ये बाहेर सोडते, त्यांना उत्तर म्हणून जिवाणू 'नॉड-घटक' तयार करतो, आणि त्याची घडण झाडाला पटली तर दार उघडते. कुलूप-किल्लीचा हा नेहमीचा दृष्टान्त चांगलाच आहे. पण न्यू गिनीत ट्रिनिक यांनाच वालाच्या गाठींतून मिळालेला एक जिवाणू शेंगवर्गाच्या शंभराहून अधिक प्रजातींशी गाठी करतो, शिवाय पॅरास्पोनियाशीही. त्याच्याजवळ किल्ल्यांचा जुडगाच आहे. उलट बंगालमध्ये लग्नाचे मुकुट ज्याच्या हलक्या, पांढऱ्या गराचे करतात त्या शोल्याच्या प्रजातीतल्या काही वनस्पतींच्या खोडांवर प्रकाशसंश्लेषण करणारे ब्रॅडीरायझोबियम राहतात. २००७ साली त्यांतल्या दोघांचा जनुकसंच वाचला तेव्हा नॉड-घटक बनवणारी नेहमीची जनुके तिथे नव्हतीच. किल्लीवाचून घरात शिरण्याचा त्यांचा रस्ता निराळा आहे. आणि हरभरा? तो यजमान म्हणून फार चोखंदळ, त्याला मेझोरायझोबियमच्या मोजक्याच जाती चालतात. घेवडा-राजमा मात्र अनेकांना दार उघडतो, पण त्यामुळे त्याचे भले होतेच असे नाही. नत्र बांधण्यात तो कडधान्यांमध्ये मागेच राहतो.

या सगळ्याचा शेतीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. सोयाबीन आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आले ते गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत. ते पूर्व आशियातले पीक, म्हणून नव्या मातीत त्याला स्वतःचा जिवाणू बरोबर न्यावा लागतो. आफ्रिकेतही हाच प्रश्न होता. तिथे नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन संस्थेत दुसरी वाट धरली गेली : जिवाणू बदलण्याऐवजी स्थानिक चवळी-गटाचे जिवाणू स्वीकारतील अशी सोयाबीनचीच वाणे तयार केली. मातीत काय आहे हे माहीत असेल तरच या दोन वाटांतून निवड करता येते.

पाकिटाचा उपयोग कधी होतो आणि कधी नाही, हेही मातीतल्या रहिवाशांवर ठरते. १९९१ साली हवाईमधल्या प्रयोगांत थीस, सिंगलटन आणि बोहलूल यांना आढळले की एक ग्रॅम मातीत त्या पिकाला चालणारे पन्नासभर जिवाणू जरी आधीपासून असले तरी बियाण्याला चोळलेल्या संवर्धकाचा फायदा दिसेनासा होऊ शकतो. दहापेक्षा कमी असले तर बहुतेक वेळा उत्पन्न वाढते. 'पाकीट वापरले, पण काही फरक पडला नाही,' असे सांगणारा शेतकरी आणि 'चांगला फरक पडला,' असे सांगणारा त्याचा शेजारी, दोघेही खरे बोलत असू शकतात. एकवचनी रायझोबियम शिकलेल्या मुलाला मात्र दोघांतला एक खोटा वाटेल.

मग वर्गात काय करावे? आमचे म्हणणे इतकेच की वाक्य पाठ करून घेण्याआधी मुळे दाखवावीत. पावसाळ्यात चवळी, मूग, भुईमूग, सोयाबीन, लाजाळू आणि टाकळा, हिवाळ्यात हरभरा, मेथी, वाटाणा. रोप ओढून उपटू नये. कुदळीने ढेकळासकट काढावे, पाण्यात भिजू द्यावे. नखाने अलगद सुटते ती जिवाणूची गाठ, मूळच फुगलेले असेल तर ते सूत्रकृमीचे काम. गाठ ब्लेडने कापून आतला रंग पाहावा. गुलाबी असेल तर काम चालू आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा चुलतभाऊ. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती कोवळी, म्हातारी किंवा कामचुकार. आकारही पाहावा : मूग-चवळीच्या गाठी गोल मण्यांसारख्या, वाटाणा-मेथीच्या लांबट, कधी बोटे फुटल्यासारख्या. गोल गाठीतले जिवाणू झाड मेल्यावर मातीत परतून पुन्हा वाढू शकतात. वाटाण्याच्या गाठीत नत्र बांधू लागलेला जिवाणू परत फिरत नाही. एवढे पाहिल्यावर मुले स्वतःच विचारतात की सगळीकडे एकच जिवाणू कसा असेल.

लाजाळू तर या धड्यासाठी जणू मुद्दाम उगवलेली आहे. ती मूळची अमेरिकेची, आता आपल्याकडे सर्वत्र पसरलेली. तिच्या काही बहिणी मात्र इथल्याच. जोधपूरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह या दोहोंच्या गाठी तपासल्या आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशी बहिणींच्या गाठींत एन्सिफर निघाले, अल्फा वर्गातले. लाजाळूने मात्र हे इथले जिवाणू स्वीकारलेले नाहीत, तिचा संसार बीटा वर्गातल्या जिवाणूंशीच. इतकी वर्षे इथे काढूनही माहेरच्या पद्धती तिने सोडलेल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कुंपणाजवळची लाजाळू खणून मुलांना दाखवली. गाठी बारीक, पण कापल्यावर छान गुलाबी. एका मुलीने विचारले, 'झाड अमेरिकेहून आले, तर जिवाणू कशातून आले?' आम्ही तिला राजम्याचे उदाहरण दिले. मेक्सिकोतल्या शास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवले आहे की राजम्याच्या बियांच्या सालीवर त्याचे जिवाणू चिकटून प्रवास करू शकतात. ती लगेच लाजाळूच्या शेंगा गोळा करायला गेली. बिया काढून, निर्जंतुक केलेल्या वाळूत अर्ध्या तशाच आणि अर्ध्या उकळून गार केलेल्या पाण्याने धुऊन लावायच्या, असे तिने ठरवले आहे. कुंड्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवल्या आहेत.